जड हात

दाजींचा निरोप आला तेव्हा मामा कारखान्यात एका फाटक्या शिडाला ठिगळ लावत बसला होता. "शीड अर्ध्यावर अडकलंय. चार वाजता बोट घेणारे गृहस्थ बघायला येतायत. जमलं तर ये." जमलं तर! बहिणीचा नवरा, पण तीन वर्षं झाली, परक्या माणसाशी बोलावं तसं मोजून बोलत होता.

भाची लहान असताना धक्क्यावर मामा मामा करत त्याच्या मागे फिरायची, तेव्हापासून अख्खं बंदर त्याला मामाच म्हणू लागलं होतं. शीड, दोर, डोलकाठी, काहीही बिघडलं की लोक त्याच्याकडे येत. हाताला यश होतं, आणि ते इतरांपेक्षा त्यालाच जास्त ठाऊक होतं. एकदा केलेलं काम तो पुन्हा तपासत नसे. "दोनदा बघायचं तर पहिल्यांदा करायचं कशाला?" असं तो गिऱ्हाइकाला ऐकवी, आणि गिऱ्हाईक बिचारं मान डोलवी.

हत्यारांची पिशवी उचलून तो निघाला. आज बोट विकली गेली की दाजींचं समुद्रावर जाणं कायमचं संपणार होतं, आणि ते कुणाच्या जिभेमुळे हे मामाला पक्कं माहीत होतं. नोकरीतून सुटल्यावर दाजींनी आणि ताईनं हौसेनं ही बोट घेतली. दोघं वर्षभर बेट बेट हिंडणार होते. मग शीड अडकायला लागलं. एका दुपारी वारा चढला, शीड अर्धं बाहेर, डोलकाठीच्या आत जाईना. दाजींनी दोर विंचच्या चरकावर घेऊन जोर लावला, आणि डोलकाठीच्या फटीत अडकलेली घडी सोडवायला ताईनं हात घातला. शीड एकदम सुटलं. उजव्या हाताची दोन बोटं कापडाबरोबर फटीत गेली. ती पुन्हा कधी वाकली नाहीत.

दवाखान्यात, सगळ्या नातेवाइकांसमोर मामा म्हणाला होता, "तुमच्या जड हातानं माझ्या बहिणीचा हात गेला."  पण मामाला एकदा बोलून कुठलं समाधान? पुढे प्रत्येक लग्नकार्यात, प्रत्येक जेवणाच्या पंगतीत त्यानं या ना त्या वळणानं ते उगाळलं. दाजी खाली मान घालून जेवत. शीड उभारून ते पुन्हा समुद्रावर गेले नाहीत.

गेल्या महिन्यात मामा सकाळीच ताईकडे गेला, तर दाजी तिच्या मागे बसून तिची वेणी घालत होते. चष्मा नाकावर, तोंडात रबर, पेडाला पेड अगदी सारखा. ताईला आता वेणी जमत नव्हती. तो हात काही जड दिसत नव्हता. मामा दारातूनच परत फिरला. तेव्हापासून त्याला वाटत होतं, खरं असलं म्हणून काय झालं, चार लोकांत बोलायला नको होतं. माफी मागायला हवी. पण माफी मागायची त्याला सवय नव्हती, आणि महिना असाच गेला.

दाजी बोटीवर इस्त्रीचा शर्ट घालून उभे होते. "तपासायला म्हणून उघडलं सकाळी, तर बसलं अडकून," ते म्हणाले. "मी ओढलेलं नाही हं. हातही लावला नाही त्यानंतर."

"बरं केलंत," मामा म्हणाला, आणि आपलं म्हणणं पुन्हा टोमण्यासारखं वाजलं म्हणून स्वतःवरच चिडला.

या बोटीचं शीड खाली उतरत नाही. डोलकाठी आतून पोकळ, तिच्यात एक उभी सळई. तळाशी रीळ, रिळावर दोर. दोर ओढला की रीळ फिरतं, सळई फिरते आणि शीड तिच्याभोवती गुंडाळत फटीतून आत जातं. सोय मोठी, पण एक सुरकुती फटीत अडकली की पंचाईत. मामानं आधी डोलकाठीला मागे खेचणारी तार सैल केली, म्हणजे काठी सरळ झाली. शिडाखालची आडवी दांडी चार बोटं उचलली. मग वीतभर आत, वीतभर बाहेर, असं हलक्या हातानं सोडवत राहिला. तासाभरात शीड सगळं बाहेर आलं. पुन्हा आत घ्यायला गेला, तर अर्ध्यावर तेच. चार वेळा केलं, चारही वेळा अडकलं, चारही वेळा सोडवून बाहेर काढावं लागलं. दोरावर हात मामाचाच होता.

"माझी वही बघतोस का?" दाजींनी भीत भीत विचारलं. "प्रत्येक वेळी काय झालं ते लिहून ठेवलंय."

या वहीची मामानं पूर्वी भरपूर थट्टा केली होती. 'दाजी शीड हाकत नाहीत, दप्तर हाकतात,' असं तो धक्क्यावर सांगत फिरायचा. आज त्यानं मुकाट्यानं वही घेतली. दाजी चहा आणायला गेले.

सुवाच्य अक्षरात तारीख, वारा, दांडीची उंची. एकूण सव्वीस नोंदी. आणि प्रत्येक नोंदीत एक वाक्य: घडी डावीकडच्या कडेला धरते. मामा थबकला. या डोलकाठीत कापड उजवीकडून सरळ आत जायला हवं. डावीकडून गेलं तर फटीच्या कडेवर मुडपून जाणार, आणि मुडपलेलं कापड अडकणारच. त्यानं पहिलं पान काढलं. 'नवा दोर बसवून आठ दिवस झाले. आज शीड पहिल्यांदाच अडकलं.'

नवा दोर मामानंच बसवला होता.

त्यानं रिळावरचं झाकण काढलं. दोर उलट्या बाजूनं गुंडाळलेला होता. कारखान्यात तो रीळ टेबलावरच्या खुंटीला उपडं घालून दोर भरायचा, उस्तादानं शिकवलं तसंच. उपडं असल्यानं मनात उलटा हिशोब करावा लागायचा. त्या दिवशी पाच बोटींची घाई होती, गप्पांना रंग चढला होता, आणि हिशोब राहून गेला. बसवल्यावर एकदा शीड आतबाहेर करून बघितलं असतं तरी कळलं असतं. पण मामा दोनदा कशाला बघेल? अपघातानंतरही त्यानं शीड पाहिलं, फट पाहिली, दाजींना पाहिलं. रीळ मात्र पाहिलं नाही.

 तीन वर्षं जे वाक्य तो गावभर मिरवत होता, ते त्याच्या स्वतःच्या हाताबद्दल होतं.

धक्क्यावर कुणी नव्हतं. मामानं घाईघाईनं दोराचं टोक सोडलं, फेरा फेरा उलगडला आणि सरळ बाजूनं पुन्हा भरला. झाकण लावलं. दाजी चहा घेऊन आले तेव्हा तो कपाळ पुसत उभा होता.

"मीठ साचलं होतं आत," मामा म्हणाला. "काढलं. आता ओढा तुम्ही."

"मी नको."

"ओढा हो."

दाजींनी दोर धरला, आणि शीड एका हातानं, कुठेही न कुरकुरता, सुर्रकन आत गेलं. पुन्हा बाहेर काढलं, पुन्हा आत घेतलं. म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावर क्षणभर असं हसू फुटलं की मामाला तिकडे बघवेना. मग ते हसू विझलं.

"म्हणजे तेव्हाही मीठच असणार," दाजी हळूच म्हणाले. "रीळ धुवायचं काम माझं होतं. माझ्याच आळसानं झालं म्हणायचं. तू म्हणत होतास ते काही खोटं नव्हतं."

आता मात्र मामाला राहवेना. "मीठबीठ काही नव्हतं, दाजी! दोर उलटा भरला होता. मी भरला होता. तुमचा हात कधीच जड नव्हता. मी तुम्हाला तीन वर्षं..." 

दाजींनी एक कप मामापुढे धरला. रागावले असते, एक मुस्कटात ठेवून दिली असती, तर बरं झालं असतं.

"चहा घे. निवतोय," ते म्हणाले. "आणि हिला यातलं काही बोलू नकोस."

"का नको? सगळ्यांसमोर सांगतो. आधी तिलाच सांगतो."

"नको म्हणतोय ना मी!" तीन वर्षांत पहिल्यांदाच दाजींचा आवाज चढला. तेवढ्यात बोट घेणारे गृहस्थ धक्क्यावरून हात हलवत येताना दिसले, आणि दाजींना सामोरं जावं लागलं.

हा माणूस अजूनही आपल्याला पाठीशी घालतोय, असं मामाला वाटलं आणि शरमेनं त्याला भरून आलं. तो धक्क्याच्या टोकाला गेला आणि त्यानं ताईला फोन लावला. काही न लपवता सगळं सांगितलं. 

"ताई? ऐकतेयस ना?"

"त्यांना शंका आली होती रे," ताई म्हणाली. "अपघाताच्या आधीच. म्हणाले होते, दोर उलटा वाटतोय, मामाला एकदा बघायला सांगू या. मी अडवलं. म्हटलं, माझा भाऊ चुकायचा नाही, उगाच त्याचा अपमान होईल."

"अपघाताच्या आधी?" मामानं पुन्हा विचारलं.

"आणि मग तू दवाखान्यात बोललास. मला सांगता आलं असतं. पण सांगितलं असतं तर माझ्यावरही आलं असतं ना? मी गप्प बसले. तू दर वेळी बोलायचास आणि मी गप्प बसायचे. घरी आल्यावर हे मला म्हणायचे, जाऊ दे, तुझा एकुलता एक भाऊ आहे."

 पाठीमागे बोटीवर दाजी नव्या मालकाला शीड आत कसं घ्यायचं ते समजावत होते. "जोर लावायचा नाही," ते सांगत होते. "अडलं की थांबायचं, आणि ज्यानं काम केलंय त्याला विचारायचं."