सालोमीबाईंचं केनिया

मित्रांनो, मी एक जुनी सुटकेस आहे. जुनी म्हटलेलं चालेल, डबडं म्हणाल तर ऐकून घेणार नाही. कारखान्यातल्या साच्यातून निघाले तेव्हापासून माझी पाठ ताठ आहे. आजकालच्या बॅगांसारखी मी कुणाच्याही अंगावर कलंडत नाही.

वसईच्या होळी गावातले आलोशियस बोटीवर नोकरीला होते. त्यांनी मला घेतलं आणि बंदरोबंदरी मिरवलं. एकदा बोट केनियातल्या मोंबासाला आठवडाभर अडकली, तेव्हा ते जंगलात जाऊन जिराफ पाहून आले. घरी आल्यावर बायकोला, सालोमीबाईंना, म्हणाले, "चालतो कसा सांगू? चर्चात मिस्साला उशीर झालेल्या बाईसारखा. टांगा लांब, पण घाई दाखवायची नाही! तुला नेईन एकदा."

नेण्याआधीच ते वारले. मी माळ्यावर गेले.

पुढे मुलगा ॲल्रॉय कमावता झाला. म्हणाला, "आई, आपण सगळे केनियाला जाऊ." सालोमीबाई तेव्हा अठ्ठावन्न वर्षांच्या होत्या. त्यांनी मला खाली उतरवलं, तेलाच्या बोळ्याने पुसलं आणि कपडे भरले. वर जिराफासाठी सुकेळ्यांचं, म्हणजे वाळवलेल्या केळ्यांचं, पुडकं ठेवलं.

सून मटिल्डा म्हणाली, "आई, तिथे जनावरांना खायला घालू देत नाहीत."

"तुझ्या माहेरी पाहुण्यांनाही घालत नाहीत. मी काही बोलले?"

त्या वर्षी ॲल्रॉयने एव्हरशाईन सिटीत फ्लॅट घेतला आणि केनियाचे पैसे त्यात गेले. मग नातीची दहावी आली, मग कोरोना, मग आणखी काही ना काही. दरवेळी तो म्हणायचा, "पुढच्या वर्षी नक्की." दरवेळी मी भरले आणि दरवेळी रिकामी झाले.

यंदा मात्र तिकिटं निघाली. मटिल्डाने सामानाची यादी वाचली: जंगलात नेणाऱ्या छोट्या विमानात मऊ बॅगच चालते. म्हणजे मी बाद. फार लागलं मला. सालोमीबाई फणकारल्या, "न्या मग तुमच्या गोण्या!"

पण खरा घाव पुढे होता. तिकडे जाऊन यायला यलो फिव्हरची लस घ्यावी लागते. डॉक्टरांनी बाईंचं वय विचारलं. सदुसष्ट. हृदयाच्या गोळ्या पाहिल्या आणि मान हलवली. "साठीनंतर ही लस जपून द्यावी लागते. तुम्हाला मी देणार नाही. आठ-नऊ वर्षांपूर्वी आला असतात तर निर्धास्त दिली असती."

घरी आल्यावर ॲल्रॉय खालमानेने म्हणाला, "आई, तिकिटं रद्द करतो."

"काही नको. पोरीला दाखव. मला कुठे हौस होती? तुझ्या बापाचीच बडबड."

साफ खोटं! नऊ वर्षं त्यांच्या कपड्यांच्या घड्या दरवेळी मीच पोटात घेतल्या होत्या ना?

ते तिघे गेले. एका सकाळी ॲल्रॉयने जंगलातून व्हिडिओ कॉल केला. "आई, जिराफ दिसतो का?"

"दिसतो की. छान आहे. तू नीट जेव."

फोन ठेवला आणि शेजारच्या कमळीला म्हणाल्या, "करंगळीएवढा दिसला गं. चालला कसा, ते काही कळलंच नाही."

मग त्यांनी मला उघडलं. तळाशी केनियासाठी घेतलेले कॅनव्हासचे बूट तेवढे राहिले होते, अजून कोरे. ते कमळीपुढे सरकवून म्हणाल्या, "वाडीत पाणी सोडताना घाल. मला चावतात." एकदाही न घातलेले बूट कसे चावतील, मित्रांनो? कमळीने ते काखेत घेतले.

आता मी कायमची रिकामी आहे. मला पुसा, नाहीतर भंगारात द्या, माझं काही म्हणणं नाही. पण तुमच्या घरात कुणी म्हातारं माणूस कुठे जायचं म्हणून बॅग भरून बसलं असेल, तर त्याला पुढचं वर्ष दाखवू नका. आधी त्याचं वय विचारा, मग तुमची सोय बघा.