रुतल्यावरचे वजन

ज्या माणसाने सतरा हजार फूट उंचीवरील हिमप्रदेशात दोन मोसम यंत्रे हाकली, त्या माणसाची खरी सत्त्वपरीक्षा मारेगाव तालुक्यातल्या साडेतीन किलोमीटरच्या पांदणीत, म्हणजे शेतांमधल्या कच्च्या वाटेवर, व्हावी, यास योगायोग म्हणावे की काळ्या मातीचा गुणधर्म, हे ज्याचे त्याने ठरवावे.

हवालदार देवराव फौजेतून निवृत्त होऊन गावी आला, त्यास सात वर्षे झाली होती. मुलगा पुण्यास कंपनीत. घरी पत्नी सत्यशीला, सून ममता आणि तीन एकर पराटी, म्हणजे कपाशी. फावल्या वेळात तो लोकांची इंजिने दुरुस्त करून देई आणि दुरुस्ती करता करता बर्फाची गोष्ट सांगे. गोष्ट एकच, परंतु ती गावाने इतक्या वेळा ऐकली होती की, देवरावाने तोंड उघडले की पोरे म्हणत, "चाला, स्वेटर घाला बे, हवालदार बर्फावर चालले."

गोष्ट अशी होती. त्यांच्या ठाण्यावर बर्फावर चालणाऱ्या दोन स्कूटरी होत्या. पुढे दोन पट्ट्या, मागे रबरी पट्टा आणि मध्ये इंजिन, अशी त्यांची रचना. जुनी दोनशे तीस किलोची. नवी पन्नास किलोंनी जड, मात्र ताकदीने दीडपट. कागदावर दोहोंचे वजन याहून कमी लिहिलेले होते, कारण कागदावरच्या यंत्रात पेट्रोल नसते, पट्ट्याला गोठलेला बर्फ नसतो आणि बसणारा माणूसही नसतो. सगळे जवान नव्या स्कूटरीच्या प्रेमात होते. एके दिवशी आजारी जवानास आणावयास ती निघाली आणि भुसभुशीत बर्फात बैठकीपर्यंत बुडाली. त्या उंचीवर पाण्याची बादली उचलताना माणसास धाप लागते. तिथे तिघांनी जीव तोडला, तरी ती हलली नाही. मग जुनी मागवली. तीही वाटेत दोनदा रुतली, पण दोघांनी कुशीवर कलंडवून तिला बाहेर काढले आणि जवान खाली पोचला. "चालतानी पन्नास किलो कोनाले समजत नाई," देवराव शेवटी म्हणे, "रुतल्यावर समजते."

हे तत्त्व गावाच्या गळी उतरत नसे आणि त्यात गावाचा दोष नव्हता. कापूस पिकवणाऱ्या माणसास वजनाची थोरवीच ठाऊक असते. काट्यावर जे जास्त भरेल ते उत्तम. त्यातून ही तर भाव कोसळलेली वर्षे. वजन हाच काय तो आधार उरलेला. हलकेपणाचे गुणगान अशा गावात कोण ऐकणार?

भाद्रपद लागला होता. आठ दिवस आभाळ धरून होते आणि त्या सकाळी उघडीप पडली, म्हणून सत्यशीला शेजारच्या मैनाबाईस सोबत घेऊन निंदणास गेली. नऊच्या सुमारास पराटीच्या ओळीत तिच्या घोट्यास नाग डसला. मैनाबाईने नाग आपल्या डोळ्यांनी पाहिला, म्हणून संशयास जागा उरली नाही. तिने सत्यशीलेस खांद्याचा आधार देऊन गावापर्यंत आणले, तेव्हा पाय सुजू लागला होता आणि सत्यशीला म्हणत होती, "डोये उघडे ठेवतो म्हनतो तं राहून नाई राह्यले."

नागाचे विष अंगात चढले की आधी पापण्या पडतात, मग जीभ जड होते आणि शेवटी श्वास चालवणारे स्नायू थकतात, हे देवरावास फौजेत शिकवले होते. औषध मारेगावच्या सरकारी दवाखान्यात. मारेगाव डांबरी सडकेने अकरा किलोमीटर. परंतु सडकेपर्यंत पोचण्यास ती पांदण. मागल्या वर्षी एका म्हाताऱ्यास बाजेवर घालून नेले, तेव्हा दोन तास लागले होते. देवरावाने मनाशी हिशेब केला. दोन तास नव्हते.

तेवढ्यात पुंडलिकराव पाटलांचा मुलगा विक्की ट्रॅक्टर घेऊन दारात आला. पाटील स्वतः पाठोपाठ आले. मनाने भला माणूस. गावात कोणासही अडचण आली, तर त्यांचा ट्रॅक्टर न बोलावता हजर असे.

"टाका वहिनीले ट्रॉलीत," पाटील म्हणाले. "पस्तीस घोड्याची मशीन हाय, पांदन फाडत जाईन."

देवरावाच्या ओठांवर शब्द आले होते. बावीस क्विंटलचे धूड, त्यावर ट्रॉली, पांदण आठ दिवस भिजलेली. रुतले तर अख्खे गाव उचलू शकणार नाही. तो म्हणालाही, "पाटील, वजन भलतं हाय जी. रुतलं तं..."

"देवरावकाका, इथं बर्फ नाई, चिखल हाय," विक्की म्हणाला आणि दोघे-तिघे हसले. त्या हसण्यात दुष्टावा नव्हता, सवय होती.

 पाटलांच्या भलेपणाचा मान, सात वर्षांच्या थट्टेचा संकोच आणि हातात दुसरे काहीही नसल्याची घाबरगुंडी, अशा तिन्ही गोष्टींनी देवरावाची जीभ धरून ठेवली. तो ट्रॉलीत चढला आणि सत्यशीलेचे डोके त्याने मांडीवर घेतले; पाटील, ममता आणि मैनाबाई ट्रॉलीमागे पायी निघाले.

चारशे पावलांवर, बाभळीच्या वळणाशी, ट्रॅक्टरचे मागचे चाक जागीच फिरू लागले. विक्कीने जोर दिला. जितका जोर, तितका खड्डा. पाहता पाहता आख जमिनीस टेकला आणि पस्तीस घोडे जिथल्या तिथे उभे राहिले.

"बापू, रिव्हर्स घेऊन पायतो," विक्की पाटलांना म्हणाला.

"नको घेऊ," देवराव म्हणाला. त्याचा आवाज त्यालाच परका वाटला. "पाच मिनिटं गेले माये. मीच दिले ते. ममता, घरून तुयी लुना आन. आन माये पाने-पकड आन, लाल डब्यातले."

ममता शेजारच्या गावी अंगणवाडीत सेविका होती. तिची जुनी लुना पावसाळ्यात गोठ्यात झाकून ठेवलेली असे, कारण चिखलात ती चालत नाही, हे सर्वांसच ठाऊक होते. ती काही न विचारता धावली.

लुना ढकलत आणली, तेव्हा देवरावाने गुडघ्यावर बसून तिचे अंग उतरवण्यास आरंभ केला. टोपली काढली, स्टँड काढला, मागचे कॅरिअर काढले. अर्धे पेट्रोल जमिनीवर ओतले.

"कायले सांडता जी?" पाटलांनी विचारले.

"तीन किलोमीटरले पावशेर पुरते. बाकीचं उचला लागते."

त्याने पुन्हा मनाशी मांडणी केली. गाडी पंचेचाळीस किलो. सत्यशीला अठ्ठेचाळीस. तो स्वतः चौऱ्याऐंशी, ममता एकेचाळीस. आपण चालवली तर एकशे सत्त्याहत्तर, सुनेने चालवली तर एकशे चौतीस. फरक त्रेचाळीस किलोंचा. तीस वर्षांच्या संसारात पत्नीचा हात सोडावयाची वेळ आली आणि ती एका वजाबाकीने आली.

"ममता, तू बस," तो म्हणाला.

"बाबा, आईले कोन धरन?"

"बांध तिले. पाठीशी."

मैनाबाईने सत्यशीलेच्याच लुगड्याच्या पदराने तिला सुनेच्या पाठीशी बांधले. सत्यशीलेची जीभ जड झाली होती. तरी ती पुटपुटली, "तुमी नाई येत?"

"मी मांगून येतो," देवराव म्हणाला. "तू श्वास घेत राय. बाकी काई करू नको."

ट्रॅक्टरच्या कडेने, काट्यांच्या कुंपणातून, चौघांनी गाडी दोघींसकट उचलून पलीकडे ठेवली. पाटील स्वतः हातभार लावत होते. काट्यांनी त्यांचे धोतर फाटले. ममताने गाडी सुरू केली. देवराव, विक्की आणि मैनाबाई मागे निघाली. गाडी जिथे बसेल तिथे उचलावी, असा बेत होता.

पहिली शंभर पावले देवरावाचे तत्त्व खरे ठरले. नंतर ते खोटे ठरले. बर्फ चिकटत नाही. काळी माती चिकटते. देवरावाने कडेकडेने, जरा सुकल्यासारख्या दिसणाऱ्या उंचवट्यावरून गाडी नेण्यास सांगितले होते आणि तिथलाच चिखल चाकास थरावर थर बसत गेला. मडगार्डात तो दाटला आणि चाक फिरेना. विक्कीने हाताने चिखल ओरबाडला. दहा पावलांवर पुन्हा तेच. देवरावाने मडगार्डे पान्याने उतरवून फेकली, तरीही तेच. तिसऱ्या वेळी उचलताना गाडी पहिल्याहून दुप्पट जड लागली. जे वजन त्याने वळणाशी उतरवले होते, ते पांदणीने व्याजासह परत चढवले होते.

देवराव चिखलात बसला.  सत्यशीलेचे डोके ममताच्या खांद्यावर कलले होते आणि लाळ ओघळत होती.

"हवालदार," मैनाबाई म्हणाली, "कोरड्याकडून काहून नेऊन राह्यले? वावरातून येतानी माये पाय कधी पायले का? सुकत्या गाऱ्यात दोन-दोन शेर चिखल लागते पायाले. पान्यातून चाललं तं धुऊन जाते."

पांदणीच्या मधोमध पावसाचे पाणी वाहत होते, गुडघ्याच्या निम्म्याइतके. शहाणा माणूस जिथे गाडी घालणार नाही, अशीच ती जागा.

"इंजिनात पानी जाईन," विक्की म्हणाला.

देवरावाने मैनाबाईच्या पायांकडे पाहिले. पाण्यातून आलेले ते पाय घोट्यापर्यंत स्वच्छ होते. चाळीस वर्षे ही बाई याच चिखलात वावरली होती आणि त्याने तिला एक शब्द विचारला नव्हता.

"घाल पान्यात," तो ममतास म्हणाला.

पाण्याखाली जमीन दगडी नव्हती, परंतु धुपून घट्ट झाली होती. चाक बुडाले, फिरले, आपोआप धुतले गेले आणि पुढे सरकले. गाडी आता चालत होती. ती बसे, तेव्हा तिघे उचलत. उचलली की पुन्हा चाले. किती वेळा उचलली हे देवरावाने मोजले नाही. त्याच्या छातीत कळ येऊ लागली होती आणि तोंडास लोखंडाची चव आली होती. दोन किलोमीटरनंतर मैनाबाई मागे पडली. ममता मध्येच ओरडून सांगे, "आई, हं म्हना," आणि सत्यशीलेकडून हुंकार येई. मग तो हुंकारही थांबला.

शेवटच्या टप्प्यास मुरूम लागतो. तिथे गाडीस कोणाची गरज उरली नाही. ती वेगाने पुढे गेली आणि देवराव मागे राहिला. पत्नीची पाठ दूर जाताना त्यास दिसत होती आणि धावण्यास पाय नव्हते.

सडकेवर एक काळीपिवळी जीप थांबलेली त्याने पाहिली. ममताने पदराची गाठ सोडून सासूस कडेला निजवले होते आणि ती हात हलवत होती. चालकाने काही विचारले. जीप हलली. ममता जीपच्या पुढे उभी राहिली. अंतर तीनशे पावलांचे. शब्द ऐकू येत नव्हता. ममताने सासूचा पाय उचलून चालकास दाखवला. मग दार उघडले आणि जीप दोघींना घेऊन निघून गेली.

चालकाने काय विचारले, ते देवरावास नंतर कळले. त्याने विचारले होते, "औषध घेतलं का बाईनं?" त्या वर्षांत फवारणीचे औषध पिऊन पडलेली माणसे सडकेवर इतकी आणली जात की, पोलिसांच्या भानगडीस कंटाळून वाहनवाले त्यांस घेईनासे झाले होते. तोंडातून लाळ गळणारी बाई पाहून त्याने तोच अर्थ लावला. दंशाच्या दोन खुणा दिसल्या, तेव्हा तो खजील झाला आणि त्याने जीप वाटेत कोठेही थांबवली नाही.

विक्कीने एक मोटारसायकल अडवली आणि देवरावास तीवर बसवून दिले. तो दवाखान्यात पोचला तेव्हा सत्यशीला लोखंडी खाटेवर होती, हातास सलाईन, घशात नळी. नळीच्या टोकास रबरी फुगा आणि तो फुगा ममता दाबत होती.

"औषध चढवलं आहे," डॉक्टर म्हणाले. वयाने तरुण, शर्ट घामाने भिजलेला. "पण श्वास तिचा तिला घेता येत नाही. श्वासाचं मशीन यवतमाळला. तोवर हा फुगा थांबता कामा नये. तुम्ही कोण?"

"मालक," देवराव म्हणाला.

फुगा दाबून दाबून ममताची बोटे आखडली होती. देवरावाने तिच्या हाताखाली आपला हात सरकवला आणि फुगा एकदाही न चुकता त्याच्या मुठीत आला. दाबायचा, सोडायचा, चार मोजायचे, पुन्हा दाबायचा. रुग्णवाहिका करंजीमार्गे यवतमाळकडे निघाली. खड्डा आला की तो गुडघे रोवून बसे. परिचारिकेने दोनदा म्हटले, "द्या इकडे, थोडं विसावा," आणि त्याने दोनदा मान हलवली. बायकोची छाती त्याच्या मुठीने वर येत होती आणि त्याच्या मुठीने खाली जात होती. त्याखेरीज त्या देहात हालचाल नव्हती. आपण प्रेतास तर वारा घालत नाही ना, हा विचार त्याच्या मनात आला, आणि तो विचार सोबत घेऊनच तो चार मोजत राहिला.

यवतमाळच्या दवाखान्यात यंत्र जोडले, तेव्हा परिचारिकेस त्याची बोटे एकेक करून उघडावी लागली.

यंत्र दोन दिवस चालले. पहिल्या दिवशी काही नाही. दुसऱ्या दिवशी पापणी थरथरली, असे ममता म्हणाली; देवरावास दिसले नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी मोठ्या डॉक्टरांनी सांगितले, "आता नळी काढून पाहू. घेतला श्वास तर घेतला." त्यांनी नळी काढली. सत्यशीलेची छाती खाली गेली आणि खालीच राहिली.  देवरावाची रिकामी मूठ मांडीवर मिटली, उघडली, पुन्हा मिटली. त्याने चार मोजले, पाच मोजले, सहा मोजले.

सातास ती खोकली. खोकला लहान होता, घशातल्या घशात. पण त्यामागून छाती वर आली, कोणी न दाबता, आणि खाली गेली, आणि पुन्हा वर आली.