घोडपदेवच्या बाकावरचं पोहणं

मी बाक बोलतोय. उभे का, बसा. माझ्याशी उभ्याने बोलायची कोणाला सवय नाही आणि मलाही नाही.

घोडपदेवच्या एका चाळीत, दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत माझी निम्मी जिंदगी गेली. सहा फूट लांबी, चार पाय, पाठ टेकायला काही नाही. अशा माझ्यावर त्या चाळीतली एकवीस माणसं पोहायला शिकली, आणि त्यासाठी नळाचं एक तांब्याभर पाणीही खर्च झालं नाही. हे ऐकून लोक हसतात. हसू दे. मी तिथे होतो, हसणारे नव्हते.

माझा जन्म परळच्या एका गिरणीच्या सुतारखात्यातला. दरवाजाच्या चौकटीतून उरलेल्या लाकडाचा असलो तरी सागवान आहे, हे आधीच सांगून ठेवतो. गिरणी चालू होती तोवर मला दवाखान्याबाहेर ठेवला होता. छातीत कापूस गेलेली माणसं माझ्यावर बसून खोकायची. गिरणी बंद पडली तेव्हा ज्याला जे उचलता आलं ते त्याने उचललं. साचाखात्यात चार माग सांभाळणाऱ्या लवू परबांच्या वाट्याला मी आलो. हातगाडीवर घालून त्यांनी मला घरी आणला, तेव्हा त्यांची बायको सुभद्रा दारात उभी राहून म्हणाली, "माणसां झोपाक जागा नाय आणि ह्यो बाक खंय घालतलास? गॅलरीत?" तेव्हापासून मी गॅलरीत.

माणसं मी तोंडावरून ओळखत नाही. मला दिसतं ते वेगळं. चिंता असलेला माणूस मधोमध जड होऊन बसतो, आणि थापा मारणारा हळूहळू सरकत टोकावर येतो. लवू पाण्याविषयी बोलायला लागले की हमखास टोकावर येत.

"कर्लीची खाडी एका दमात पार केलंय मी," असं ते चाळीतल्या पोरांना सांगत. पहिल्या वर्षी नुसतीच खाडी होती. दुसऱ्या वर्षी त्यांच्या एका हातात नारळ आला. पुढे नारळाची पाटी आली. मी साक्षीदार आहे, शेवटी शेवटी ते खांद्यावर जिवंत बोकड घेऊन भरतीच्या वेळी खाडी ओलांडायला लागले होते. सुभद्रा आत पोळ्या लाटत असायची. बोकडाचं नाव निघालं की तिचं लाटणं थांबायचं आणि मग पुन्हा सुरू व्हायचं. गावच्या ओहोळात गुडघाभर पाण्यातही नवरा आपला हात सोडत नाही, हे तिला लग्नापासून ठाऊक होतं. चारचौघांत नवऱ्याचं पाणी जोखायचं नाही, एवढी तिची रीत.

म्हणजे लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. त्यात कोणाचं काय बिघडत होतं, असं मलाही वाटायचं.

चाळीत विनीत नावाचा मुलगा होता. दहावी पास झाला त्या आठवड्यात तो माझ्यावर लवूंच्या शेजारी येऊन बसला. "आजोबा, मला पोहायला शिकवा ना. आमचा ग्रुप चाललाय पिकनिकला." लवू टोकावर सरकले. म्हणाले, "पोवणा शिकवूचा नसता रे. ता रगतात असता. पाण्यात पडलंस की आपोआप येता."

विनीत कर्जतकडच्या एका धबधब्याखालच्या डोहात पडला. त्याला आपोआप आलं नाही.

त्यानंतर लवूंनी खाडीचं नाव काढलं नाही. माझ्यावर येऊन बसत, पण बोलत नसत. असा सगळा बसल्या जागी खचलेला माणूस मी दवाखान्याबाहेरही पाहिला नव्हता.

वर्षभराने विनीतची आई लतिका फॉर्मांचा गठ्ठा घेऊन गॅलरीत आली. ती परळच्या इस्पितळात वॉर्डात काम करते. आवाज कधी चढवत नाही, म्हणून सगळे तिचं ऐकतात. दोन बसथांबे सोडून एक नवा तरणतलाव झाला होता, आणि आसपासच्या चाळींतल्या लोकांना तिथे पोहणं आणि पाण्यातली सुरक्षा फुकट शिकवणार होते. "आपल्या चाळीतलं एकही माणूस यातून सुटायचं नाही," लतिका म्हणाली.

फॉर्मवर एकच अट होती. अर्जदारास पोहता येणे आवश्यक.

लतिका विचारायला गेली. तिथल्या ऑफिसात निमेश नावाचा एक अतिशय सभ्य मुलगा होता. तो म्हणाला, "मॅडम, पोहता न येणाऱ्याला पाण्यात सोडणं डेंजर असतं. आमच्याकडे सेफ्टी फर्स्ट."

"मग त्यांनी शिकायचं कुठे?"

"शिकून या ना, मग आम्ही शिकवतो. आणि सराव कुठे केला त्याचा पुरावा जोडा."

लतिकाने हे गॅलरीत येऊन सांगितलं तेव्हा सगळी चाळ लवूंकडे बघायला लागली. पोहता येणारा चाळीत एकच माणूस होता. लतिका त्यांच्यासमोर उभी राहिली. "काका, विनीतला शिकवायचं राहून गेलं. निदान ह्यांना शिकवा."

तिच्या मनात टोचण्याचं काही नव्हतं, म्हणूनच ते जास्त लागलं असावं. लवू टोकावर आले. त्या घटकेला त्यांनी खरं सांगायला हवं होतं. मला तेव्हा बोलता आलं असतं तर मीच सांगितलं असतं. लवू म्हणाले, "शिकवतंय."

पाणी नव्हतं, पण मी होतो. रोज संध्याकाळी सात ते आठ वर्ग भरायचा. एकेकाने माझ्यावर पालथं पडायचं आणि हातपाय मारायचे. कसे मारायचे हे लवूंना तरी कुठे माहीत होतं? त्यांनी उभ्या आयुष्यात एकच काम केलेलं, तेच त्यांनी शिकवलं. डाव्या हाताने मागाचा दांडा ओढायचा, उजव्या हाताने तुटलेला धागा पकडायचा, पाय खाली-वर. त्यातून माझ्या उजव्या अंगाला भिंत. त्यामुळे डावा हात गॅलरीबाहेर खुशाल फिरायचा आणि उजवा अर्ध्यातच भिंतीला आपटून परत यायचा. महिन्याभरात चाळीतल्या प्रत्येकाच्या उजव्या हाताची बोटं सोललेली होती आणि प्रत्येकाला वाटत होतं की पोहणं म्हणजे हेच.

सुभद्राही आडवी झाली, अडुसष्टाव्या वर्षी, पदर खोचून. नात अक्षदा सगळ्यांत हुशार. बारा वर्षांची पोर, पण हात असे फिरवायची की माझे स्क्रू ढिले व्हायचे.

माझगावहून मासळी विकायला येणारी कमळाबाई एकदा पाटी उतरवून हा प्रकार बघत राहिली. जन्म कोळीवाड्यातला, होडीत वाढलेली बाई. म्हणाली, "लवूदादा, ह्यो काय पवाचा परकार? मानसं काय बोंबील हायेत बाकावर वाळत घालाला? पान्यान पयलं तरंगाचं. हात मारनं मंगशी."

"खाडयेचा शास्त्र येगळा असता," लवू म्हणाले. कमळाबाईने त्यांच्याकडे एकदा नीट पाहिलं आणि पाटी उचलली.

लतिका सगळ्यांच्या शेवटी यायची. डोळे मिटून पालथी पडायची आणि सांगितलेले हात मोजून मारायची. कधी कधी मोजणं मध्येच थांबायचं. तिच्या गालाखाली मी ओला व्हायचो. तिने काही तक्रार केली नाही, मीही हललो नाही.

एका रविवारी सकाळी आम्ही चाचणी द्यायला तलावावर गेलो. आम्ही म्हणजे मीसुद्धा, कारण सरावाच्या जागेचा पुरावा मीच होतो. चौघांनी मला उचलून नेला. मजा बघायला कमळाबाईही रिकामी पाटी घेऊन मागे आली. फाटकावरच्या वॉचमनने अडवलं. "टोपीशिवाय आत सोडत नाही."

"बाक आहे तो," लतिका म्हणाली.

"पोहायला आलाय ना?"

अक्षदाने जास्तीची रबरी टोपी काढून माझ्या एका कोपऱ्यावर चढवली. वॉचमनचं समाधान झालं. आत निमेशने टेप लावून माझी लांबी मोजली आणि रजिस्टरमध्ये लिहिलं: बाक, एक. पुढच्या रकान्यात 'पोहता येते काय?' असं होतं. त्याने जरा विचार केला आणि 'होय' लिहिलं. सागवानाबद्दल कोणी विचारलंच नाही.

तलावाला दोन बाजू होत्या. उथळ बाजूला दोरी बांधून ती बंद ठेवली होती. उथळ पाणी पोहता न येणाऱ्यांसाठी, आणि पोहता न येणाऱ्यांना प्रवेशच नव्हता, त्यामुळे ती उघडायची कधी वेळ आली नव्हती. चाचणी खोल बाजूला, बारा फुटांत. तिथला जीवरक्षक खुर्चीवर पेपर वाचत होता. त्याच्या नोकरीत अजून कोणी बुडालं नव्हतं.

पहिलं नाव अक्षदाचं. गुरूची नात म्हणून मान. ती काठावर जाऊन उभी राहिली, पायाची बोटं पाण्यावर. मी दहा हातांवर होतो आणि लवू माझ्या टोकावर. ती वळून त्यांच्याकडे बघत म्हणाली, "आजोबा, आत पडलं की आपोआप येतं ना?"

लवू उठले. इतक्या वर्षांत ते माझ्यावरून असे कधी उठले नव्हते. पाय ओढत ते तिच्यापर्यंत गेले, तिचा दंड पकडला आणि तिला काठावरून मागे घेतलं.

"येना नाय," ते म्हणाले. "आपोआप काय एक येना नाय. माका पोवूक येना नाय, अक्षू. कधीच येय नव्हता."

जीवरक्षकाने पेपर खाली ठेवला.

लतिका पुढे आली. "विनीतला तुम्ही काय सांगितलं होतं, काका?"

लवूंनी मान वर केली नाही. "ताच," ते म्हणाले. "आता अक्षून इचारल्यान ना, ताच."

मी लाकूड आहे, पण तो क्षण मला सोसवला नाही. लतिकाने हात उचलला असता तर त्यांनी तो खाल्ला असता. शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं त्यांना. ती निमेशच्या टेबलाकडे गेली, स्वतःचा फॉर्म शोधला आणि 'होय' खोडून 'नाही' लिहिलं. पेन तिने लवूंच्या पुढे धरलं.

लवूंनी लिहिलं. मग सुभद्राने, मग अक्षदाने, मग रांग लावून सगळ्या चाळीने. एकवीस 'नाही'. निमेश हवालदिल झाला. "पण 'नाही'वाल्यांना प्रवेश नाहीये हो."

"आम्ही तर आत आहोत," लतिका म्हणाली.

त्याने नियमांची वही पहिल्यापासून शेवटपर्यंत चाळली. आत यायचे नियम बावीस होते, आत आलेल्याला बाहेर काढायचा एकही नव्हता. तो खरोखरच सभ्य मुलगा होता. उठला आणि जाऊन उथळ बाजूची दोरी सोडून आला.

पाण्यात पहिली उतरली ती कमळाबाई, नेसलेल्या काष्ट्यानिशी. पोशाखाचा नियम वाचून दाखवायला निमेशने तोंड उघडलं, तोवर ती पलीकडच्या काठाला लागली होती. तिथून ओरडली, "तो बाक आना हिकडं. धराला कायतरी पायजे ना लोकांना."

मला पाण्यात सोडला. खरं सांगतो, मी घाबरलो. सागवान, सागवान म्हणून मिरवणाऱ्या मला, आपण तरंगतो की बुडतो याची तोवर गंधवार्ता नव्हती. नाकातोंडात पाणी गेल्यासारखं झालं, आणि मग मी वर आलो. टोपीसकट. सगळे माझ्या कडेला येऊन लटकले, छातीभर पाण्यात. जीवरक्षकाला तर हर्ष झाला. इतकी पोहता न येणारी माणसं त्याने एकदम कधी पाहिली नव्हती. त्याने आणि कमळाबाईने त्या दिवशी एकच धडा दिला: उताणं पडायचं, मान सैल सोडायची, श्वास घ्यायचा, आणि घाबरायला झालं तर हात वर करून हाक मारायची, लाजायचं नाही.

लवू माझी कड सोडेनात. त्यांना उताणं होता येईना. तेव्हा लतिका बाजूला आली आणि आपला तळहात तिने त्यांच्या पाठीखाली घातला. "मान सोडा, काका," ती म्हणाली. "मी धरलंय." तिने त्यांना माफ केलं का, ते मला ठाऊक नाही. धरलं होतं, एवढं मी पाहिलं.

आता मी तिथेच असतो, उथळ बाजूला. फॉर्मवरची अट गेली आणि चाळींमागून चाळी यायला लागल्या. पाण्यात राहून मी फुगलोय, एक पाय लुळा झालाय, पुढच्या वर्षी बहुतेक माझ्या जागी प्लास्टिकचं काहीतरी येईल. हरकत नाही. आमच्या चाळीची माणसं आता पोहतात, पण सगळी उजवीकडे वळत जातात आणि काठाला धडकतात. तलावावरच्या मास्तरांनी लाख सुधारलं तरी ते जात नाही.

जाताजाता एक मागणं. तुम्हाला कोणी विचारलं, पोहता येतं का, आणि येत नसेल, तर 'नाही' म्हणा. कोणी हसलं तर हसू दे. आणि तुमच्या तोंडून 'नाही' ऐकून जो तुम्हाला दारातूनच परत पाठवतो, त्याच्या दारात बसून राहा. बसायला काही लागलं तर मला सांगा.

लवू दर रविवारी येतात. पाण्यात उतरून उताणे होतात, डोळे मिटतात, आणि लतिका पाठीखाली हात धरते. त्यांना एकट्याने तरंगता येऊ लागलं त्याला तीन महिने झाले. तिच्या तळहाताचा त्यांच्या पाठीला स्पर्शही होत नाही, मधून चार बोटं पाणी वाहत असतं. हे त्यांना माहीत आहे आणि तिलाही. ती हात काढत नाही, ते डोळे उघडत नाहीत.