फर्म्यातली बॅटरी

फिलिपिन्समधल्या मारिकिनात बूट शिवणारी माणसं खिळे तोंडात धरतात. एका हातात हातोडी, दुसऱ्यात चामडं. मग खिळ्यांनी बिचाऱ्यांनी जायचं कुठं? तेरोय मास्तरांच्या ओठांत मिशी फुटायच्या आधीपासून खिळे नांदत होते आणि एकही कधी घशाखाली उतरला नव्हता. पण त्या दिवशी खोकल्याची अशी उबळ आली की खिळे खोलीभर उधळले. एक पंख्याच्या पात्यावर टणकन वाजला, एक मारियामातेच्या मूर्तीपाशी जाऊन पडला, आणि एक सापडलाच नाही.

त्याला शोधायला एक्स-रे काढला. खिळा पोटात नव्हता. पण डॉक्टरीणबाईंना फुफ्फुसं काही आवडली नाहीत.

"सिगारेट सोडा, मास्तर," त्या म्हणाल्या. "नाहीतर पुढच्या खेपेला मी खिळा शोधण्यात वेळ घालवणार नाही."

घरी आल्यावर यावर शांतपणे विचार करता यावा म्हणून मास्तरांनी एक सिगारेट पेटवली.

त्यांच्या मुलानं, नांतेनं, तेव्हा व्हेपचा विषय काढला. धूर नाही, नुसती वाफ. सिगारेट सुटेपर्यंत हाताला आणि तोंडाला आधार. नाक्यावर कीकोच्या दुकानात कपाटभर मिळतात.

"तयार? विकतची?" मास्तर म्हणाले. "या घरात कुणी कधी तयार बूट घातलाय?"

"बाबा, हा बूट नाहीये."

"तेच म्हणतोय. पायाला विकतचं लावत नाही, ते तोंडाला लावू?"

शेवटी करार झाला. नांतेनं ती वस्तू घरी बनवायची. चालली, तर त्या घटकेपासून मास्तरांची सिगारेट बंद. फसली, तर मास्तर असेपर्यंत घरात कुणी सिगारेट हा शब्द काढायचा नाही.

"आणि तुम्ही गेल्यावर?" नांतेच्या आईनं, पुरितानं, भाजी चिरता चिरता विचारलं.

"मग काय बोलायचं ते बोला. मी कुठं ऐकायला येतोय."

आता नांते होता शिलाई मशीनवरचा माणूस. बुटाचा वरचा भाग तो डोळे मिटून शिवी. विजेचा त्याचा एकूण अनुभव म्हणजे एकदा त्यानं बल्ब बदलला होता, तोही न गेलेला. म्हणून तो कीकोकडे गेला. कीको शाळेत रसायनशास्त्रात दरवर्षी नापास व्हायचा. आता दिवसभर वाफेच्या ढगात बसून लोकांना रसायनं विकायचा.

"सोपंय रे," कीको म्हणाला. "एक डबी, डबीत बॅटरी, बटण, दोन वायरी, मध्ये एक फ्यूज. वर रसाची टाकी बसवायची. बटण दाबलं की टाकीतली तार तापते, रसाची वाफ होते. झालं."

"मग कठीण काय आहे?"

"जिवंत राहणं." कीकोनं ढग सोडला. "बॅटरी उलटी बसली, वायर वायरीला चिकटली, की ती भडकते आणि आतून वायू सोडते. म्हणून डबीच्या तळाला भोकं पाडायची. बाकी काही विसरलास तरी भोकं विसरू नकोस. वायूला दार असलं तर नुसतं फुस्स. दार नसलं तर आधी तुझ्या बाबांची मिशी जाईल, आणि मग मिशीच्या मागचे बाबा."

डबी कशाची करायची, हा प्रश्न नांतेला पडलाच नाही. ज्या लाकडी पावलावर चामडं ओढून बूट घडवतात, ते फर्मे त्यांच्या भिंतीवर रांगेनं टांगलेले होते. गिऱ्हाईक वारलं तरी मास्तर त्याचा फर्मा टाकत नसत. न जाणो, माणूस परत आला तर. नांतेनं त्यातला एका दिवंगत नोटरीचा उजवा पाय काढला. लाकूड मुरलेलं, हाताला गुळगुळीत. तळव्यातून तो कोरला, आत बॅटरी झोपवली, बटण टाचेवर आणलं आणि टाकी घोट्याच्या जागी उभी केली. झुरका घ्यायचा म्हणजे एका नोटरीचा पाय दोन्ही हातांनी उचलून तोंडाला लावायचा, हे त्याच्या लक्षात आलं तेव्हा फार उशीर झाला होता.

पहिलं बटण वितळलं. दुसऱ्या वेळी फ्यूज उडाला, कारण बॅटरी उलटी होती. तिसऱ्या वेळीही उडाला, कारण त्यानं ती पुन्हा विचारपूर्वक उलटी बसवली होती. बोटं भाजली, पण आई हात धुऊ देईना. तापलेल्या हाताला गार पाणी लागलं की शिरा आखडतात, हे तिच्या आईनं तिला सांगितलं होतं. म्हणून नांते सोल्डरच्या वासाच्या हातांनीच आंबट कालवण आणि भात जेवला.

मास्तर या सगळ्याकडे मुळीच बघत नव्हते. ते फक्त मागून पुन्हा पुन्हा जात होते.

"टाका वाकडा आलाय," ते भिंतीला म्हणाले.

"बाबा, तो टाका नाही, सोल्डर आहे."

"वाकडा आहे ना? मग टाकाच."

शनिवारी दुपारी बटण दाबल्यावर टाकी बारीक गुरगुरली आणि नोटरीच्या घोट्यातून वाफेची शेंडी वर आली. तळव्याला भोकंही होती, नीट पाडलेली. नांतेनं पाऊल बापापुढं धरलं. मास्तरांनी हात पुढं केला, आणि मध्ये पुरिता आली.

"आशीर्वाद कोण घेणार?"

या घरात पवित्र पाणी पडल्याशिवाय नवी वस्तू वापरत नसत. मशीनला पाणी पडलं होतं, फ्रिजला पडलं होतं, मास्तरांच्या कवळीलाही पडलं होतं. एकदाच बिनआशीर्वादाची इस्त्री वापरली, आणि त्याच वर्षी नदी घरात गळ्यापर्यंत आली. इस्त्रीचा आणि नदीचा संबंध काय, हे विचारायची कुणाची छाती नव्हती. तेव्हा ठरलं: उद्या, रविवारची मिस्सा-प्रार्थना संपल्यावर, चर्चच्या दारात.

रविवारी दारात तीन नव्या मोटरसायकली, एक भाताचा कुकर आणि मास्तर, असे ओळीनं उभे होते. फादर सेव्हेरो पाण्याच्या बाबतीत हात आखडणारे नव्हते. बादलीत कुंचा बुडवून ते घर रंगवल्यासारखं पाणी मारीत. मास्तरांच्या हातातलं लाकडी पाऊल बघून त्यांचा चेहरा मऊ झाला. नवस फेडायला कुणी पाय आणलाय, असं त्यांना वाटलं.

"कुणाचा पाय, मास्तर?"

"एका नोटरीचा," मास्तर म्हणाले. चर्चच्या दारात खोटं कसं बोलणार.

"बरा झाला?"

"वारला."

फादरनी त्यावर आणखी एक कुंचाभर पाणी मारलं. आशीर्वाद मिळालेलं पाऊल दिसल्यावर मागून एक आजीबाई पुढं झाल्या, रुमालानं त्याचा अंगठा पुसला आणि तोच रुमाल आपल्या गुडघ्यावर फिरवला. त्यांच्या मागं आणखी दोघी रुमाल काढून उभ्या राहिल्या.

मास्तरांनी पाऊल उचललं. टाकी ओठांना लावली. अंगठा टाचेवरच्या बटणावर गेला. पाऊल वर झालं तसा नांतेला त्याचा तळवा दिसला.

तळव्याला काळ्या चामड्याचा तळ बसवलेला होता. कडा तासलेल्या, सोल्युशननं घट्ट डकवलेला, वर पॉलिश. भोक एकही नाही.

नांतेनं ते पाऊल बापाच्या तोंडातून ओढून घेतलं.

"अरे देवा," एक आजी म्हणाली. "पवित्र पायावरून बापलेक भांडतायत."

"हे कुणी केलं?" नांतेनं तळव्यावर बोट ठेवलं.

"मी. काल तू आंघोळीला गेलास तेव्हा." मास्तरांना त्यात लपवण्यासारखं काही वाटलं नाही. "खाली भोकं ठेवून निघाला होतास. फादरचा हात माहीत आहे ना? पाणी आत गेलं असतं. भोकाचा माल मी आजवर दाराबाहेर पाठवलेला नाही. आण इकडे."

नांतेनं पाऊल छातीशी धरलं. एक झुरका, बस. एका झुरक्यावर करार जिंकला असता. बहुतेक काही झालंही नसतं. नवी बॅटरी, फ्यूज जागेवर, आत पाण्याचा थेंब नाही. बहुतेक. पण समोर ती मिशी होती, मिशीच्या मागं बाबा होते, आणि त्याच्याच्यानं होईना.

"नाही देणार."

"म्हणजे फसली म्हणतोस."

पुरिता मोटरसायकलींकडं बघू लागली. करार तिलाही पाठ होता.

"हो," नांते म्हणाला. "फसली. मी परत कधी तो शब्द काढणार नाही. पण हे तोंडाला लावू नका."

मास्तरांनी मुलाकडं बघितलं. दुसरा खिळा हरवल्यावर बघितलं असतं तसं.

"भोकं कशाला होती?"

नांतेनं सांगितलं. बॅटरी, वायू, दार. मिशीचंही सांगितलं.

"हे मला काल का नाही सांगितलंस?"

"तुम्ही तर बघतच नव्हतात."

"बघत नव्हतो. बहिरा नव्हतो." त्यांनी हात पुढं केला, नांतेनं आधी तळ एका बाजूनं उचकटून बॅटरी काढली आणि मग पाऊल दिलं. मास्तरांनी तळावरून नख फिरवलं, कड वाकवून बघितली. "फसली कोण म्हणतं? फसलेला माल वेगळा आणि अपुरा माल वेगळा. अपुऱ्या मालावर करार मोडत नाही. वायूला बाहेर जाऊ द्यायचं आणि पाणी आत घ्यायचं नाही, एवढंच ना?"

"एवढंच."

"मग बुटाच्या नाडीच्या असतात तशा पितळी कड्या बसवू. तळाला नको, बाजूला, कमानीत. आणि बाहेरून चामड्याची सैल जीभ. आतून ढकललं की उघडेल, वरून पाणी पडलं तर ओघळून जाईल." ते पायऱ्या उतरू लागले होते. "आणि ही पकड काय पकड आहे? नोटरीचा पाय आधीच रुंद. करंगळी कापावी लागेल."

"कुणाची?" पुरितानं विचारलं.

खालच्या पायरीवर सुट्या सिगारेटी विकणारा आपली लाकडी पेटी गळ्यात अडकवून उभा होता. मिस्सा झाल्यावर मास्तरांची पहिली सिगारेट त्याच्याकडची, हे इतकं ठरलेलं की त्यानं ती आधीच काढून धरली होती. मास्तरांनी चालता चालता ती घेतली. नांते मागच्या पायरीवर थांबला. काही बोलायचं नाही, असं त्यानं आताच कबूल केलं होतं.

मास्तरांनी सिगारेटचं टोक नोटरीच्या तळव्याच्या कमानीवर टेकवलं आणि एक डोळा मिटला.

"नांते. भोक एवढं पुरेल?"

"थोडं मोठं चालेल, बाबा. आणि दोन करू."

"दोन." त्यांनी टोक बोटभर सरकवून पुन्हा टेकवलं.

"पेटवून देऊ, मास्तर?" विकणाऱ्यानं लायटर पुढं केला.

"नको." मास्तरांनी सिगारेट त्याच्या पेटीत परत ठेवली, इतर सिगारेटींच्या ओळीत, नीट सरळ. "माप घेतलं."