अठ्ठावीस घरं आणि एक नवी गोळी

मित्रांनो, मी गोळ्यांचा एक जुना डबा आहे, पण मला साधासुधा समजू नका हं! आठवड्याचे सात दिवस, दिवसाच्या चार वेळा, अशी अठ्ठावीस घरं आहेत माझ्या पोटात. साच्यातून बाहेर पडलो तेव्हा प्रत्येक झाकण टक्कन लागायचं. आता बुधवार-दुपारला चिकटपट्टी लावलीय.

माझी मालकीण शिवणकाम करते. सगळे तिला ताईच म्हणतात. तिला जन्मापासून सिस्टिक फायब्रोसिस. म्हणजे अंगातला चिकट द्रव इतका घट्ट होतो, की फुप्फुसं, नाक, पोट, सगळीकडे अडकून बसतो. दोन वर्षांपूर्वी तिची फुप्फुसं बदलली आणि ती न थांबता जिना चढून घरी आली! आई इतकी हरखली, की आजार संपला समजून तिनं माझ्यातल्या पाचक गोळ्याच काढून टाकल्या. चार दिवस ताई पोट धरून बसली.

"अगं आई, फुप्फुसं नवी आहेत. पोट जुनंच आहे माझं!"

तेव्हापासून आई मला हात लावायलाही घाबरायची.

यंदा ताईचं नाक सारखं तुंबायला लागलं. तिथले जंतू खाली उतरले, तर नवी फुप्फुसं धोक्यात! डॉक्टरीणबाईंनी एका नव्या गोळीचं नाव काढलं. "ही आजाराच्या मुळावरच काम करते. नाकाला, पोटाला फायदा व्हावा, पण खात्री नाही देत. शरीरानं फुप्फुसं नाकारू नयेत म्हणून जे औषध घेतेस ना, त्याची रक्तातली पातळी हिच्यामुळे हलू शकते. यकृतही तपासत राहावं लागेल."

"नको गं बाई," आई म्हणाली. "सुरळीत चाललंय, कशाला विषाची परीक्षा?"

"तीनदा नाक धुऊन घेतलं दवाखान्यात, ह्याला सुरळीत म्हणतेस?" ताईनं मला पर्समधून काढून टेबलावर ठेवलं. "डॉक्टर, मी कापडाला आधी कच्चे टाके घालते. बसलं तर पक्की शिलाई, नाही तर उसवायचं. तीन महिने कच्चे टाके. सुरुवातीला दर आठवड्याला रक्त. पातळी आटोक्यात आली नाही, तर तुम्ही सांगाल तसं थांबायचं. आणि आई, तू घाबरलीस म्हणून थांबायचं नाही हं!"

"पेशंट आहेस की वकील?" बाई हसल्या. "पण हरकत नाही. असंच करू."

पहिल्याच आठवड्यात पातळी वर गेली. आईचा चेहरा पडला. बाईंनी जुन्या औषधाचा डोस कमी केला, पुन्हा रक्त घेतलं, आणि ताई चिकाटीनं पुढे निघाली. नाक अजून चोंदलेलंच आहे बरं का! पण काल आईनं चष्मा लावला, गोळ्यांच्या वेळांचा कागद दोनदा वाचला, नवी गोळी हातात घेतली आणि विचारलं, "ताई, ही सकाळच्या घरात ना गं?"

मित्रांनो, आमच्यासारख्या डब्यांतलं काही मनानं काढू नका, मनानं घालू नका. भरणारे हात कुणाचेही असोत, गिळायचं ज्याला आहे, त्याला आधी विचारा.