हशासाठी मोकळी जागा

सिनेमात माझी जुनी भूमिका करणारी मुलगी माझ्यापेक्षा उंच होती, देखणी होती, आणि दात असे की अंधारात दिवा लावायला नको. माझ्या वाट्याला आली ती छत्रीवाली म्हातारी. एक दृश्य, तीन वाक्यं. मी नाक मुरडलं आणि लगेच हो म्हणून टाकलं.

आमची मूळ मालिका टीव्हीवर लागायची तेव्हा शुक्रवारी संध्याकाळी यॉर्कशरमधले पब ओस पडायचे, असं लोक अजून सांगतात. मी स्वतः पबमध्येच असायचे आणि तिथे चांगली गर्दी असायची, पण लोकांचा आनंद कशाला मोडा. रेल्वे स्टेशनवरची हरवलेल्या सामानाची कचेरी, एवढीच त्या मालिकेची जागा. साहेबाचं काम डेस्मंड करायचा आणि त्याला दिवसभर जेरीस आणणाऱ्या कारकून बाईचं मी. डेस्मंड आता नाही. आणि आमच्याकडे हल्ली जुन्या विनोदी मालिका एकेक करून सिनेमे म्हणून पुन्हा शिजायला घातल्यात. बहुतेक वेळा कालच्या रश्शात पाणी घालून वाढल्यासारखं लागतं.

तरी मी हो म्हटलं, त्याचं कारण सांगते. आमचं काम प्रेक्षकांसमोर चित्रित व्हायचं. बसगाड्या भरभरून माणसं यायची, स्टुडिओतल्या त्या कडक खुर्च्यांवर बसायची आणि हसायची. वाक्य बरोबर पडलं की समोरच्या अंधारातून हशा यायचा आणि थेट छातीवर आदळायचा. तो आवाज ऐकून मला कित्येक वर्षं झाली होती. मरण्याआधी तो आणखी एकदा ऐकायचा होता, तोही माझ्या स्वतःच्या वाक्यावर. दुसरं मला काही नको होतं.

चित्रीकरण डोंगरातल्या एका बंद पडलेल्या स्टेशनात होतं. दिग्दर्शिका टॅम्सिन तिशीतली, हुशार, आणि सगळ्यांना 'सुंदर' म्हणायची खोड असलेली. दृश्य सोपं होतं. मी काउंटरशी येते आणि म्हणते, "माझा नवरा गाडीत राहिला." साहेब विचारतो, "कधी?" मी म्हणते, "ब्याऐंशी साली." आणि मग म्हणते, "छत्री त्याच्याकडे आहे."

पहिल्याच वेळी मी "ब्याऐंशी साली" म्हटलं आणि थांबले. काउंटरमागे साहेबाच्या वेशातला डेक्लन माझ्याकडे बघत राहिला. कॅमेऱ्यामागे वीसेक माणसं श्वास रोखून उभी, कारण सेटवर कुणी हसायचं नसतं. पत्र्यावर पाऊस वाजत होता. कोपऱ्यातून कुणीतरी हळूच म्हणालं, "छत्री त्याच्याकडे आहे."

"मला माहीत आहे कुणाकडे आहे ते," मी म्हटलं.

दुसऱ्या वेळी तेच झालं. तिसऱ्या वेळीही. टॅम्सिन माझ्याजवळ येऊन उकिडवी बसली, लहान मुलांशी बोलायला बसतात तशी. "ग्लेनिस, वाक्य मोठ्या अक्षरात लिहून समोर लावू का? अजिबात लाजू नका. खूप जण लावतात."

मला इतका राग आला की पुढच्या वेळी मी तिन्ही वाक्यं भाजीवालीने भाव सांगावा तशी भडाभडा म्हणून टाकली. "सुंदर," टॅम्सिन म्हणाली. दृश्य मेलं होतं, आणि हे त्या अख्ख्या स्टेशनात मला एकटीलाच कळलं होतं असं वाटून माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

जेवणाच्या गाडीशी डेक्लन माझ्यासाठी बेकन सँडविच घेऊन आला. पोरगा लिव्हरपूलचा, कान मोठे, चेहरा सरळ. विनोदी नटाला सरळ चेहरा म्हणजे अर्धी कमाई.

"तुम्ही विसरत नाही आहात," तो म्हणाला. "तुम्ही थांबता आहात. कशासाठी?"

"हशासाठी."

"इथे कोण हसणार आहे, ग्लेनिस?"

"मला कळतंय रे. माझ्या जिभेला सांग."

तो हसला नाही. सँडविच खाली ठेवून म्हणाला, "किती थांबायचं असतं?"

इतक्या वर्षांत मला हे कुणी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, "हशा चढतो, वर जाऊन टेकतो आणि उतरायला लागतो. उतरायला लागला की बोलायचं. चढत असताना बोललास तर वाक्य वाया, आणि पुरता विझेपर्यंत थांबलास तर तू गेलास."

"आणि तोवर मी काय करू? माठासारखा उभा राहू?"

"डेस्मंड कधी उभा राहायचा नाही. लोकांच्या हसण्याला तो काही ना काही खाऊ घालायचा."

"काय?"

"ते तुझं तू बघ. त्याचं त्याच्याबरोबर गेलं."

डेक्लनने टॅम्सिनला गाठलं आणि आणखी एकदा, म्हातारीच्या पद्धतीने, असं काहीतरी पटवलं. मी आत आले. नवरा गाडीत राहिला. कधी? ब्याऐंशी साली. मी थांबले. डेक्लनने माझ्याकडे पाहिलं, मग अगदी अदबीने वाकून काउंटरखाली पाहिलं. वर आला, क्षणभर विचार केला, आणि मागच्या फळीवरची एक हॅटची पेटी उघडून तिच्यातही डोकावला. मी त्याला हे शिकवलं नव्हतं. तिथे नसलेला हशा माझ्या कानात चढला, टेकला, उतरायला लागला, आणि मी म्हटलं, "छत्री त्याच्याकडे आहे." तेवढा वेळ मला डेस्मंडची आठवण आली नाही. नंतर त्याचं वाईट वाटलं, आणि थोड्या वेळाने तेही वाटेनासं झालं.

टॅम्सिनने मात्र घड्याळाकडे पाहिलं. "आपल्याकडे दोन्ही तऱ्हा आहेत, भरभर म्हटलेली आणि ही," ती म्हणाली. "पण निर्मात्यांना सिनेमा आटोपशीर हवाय. ही शांतता पडद्यावर भोक पडल्यासारखी दिसेल."

"भोक नाही ते. जागा आहे."

"कुणासाठी?"

"तिकीट काढून येतील त्यांच्यासाठी."

तिने हातातल्या कागदावर काहीतरी खूण केली. 'सुंदर' म्हणाली नाही, हे मला आवडलं.

सिनेमा लागला तो पुढच्या वसंतात. आदल्या दिवशी टॅम्सिनचा फोन आला. दृश्य राहिलंय, एवढंच ती म्हणाली. कुठलं राहिलंय ते विचारायची माझी हिंमत झाली नाही. लंडनच्या मोठ्या खेळाला मी गेले नाही. स्कारबरोला समुद्रासमोर आमचं जुनं थिएटर आहे, तिथे शेजारच्या जॉइसला घेऊन गेले. तिने दोघींसाठी आइस्क्रीम घेतलं आणि माझंही खाल्लं.

थिएटर भरलं होतं. सिनेमा वाईट नव्हता, पण धावत होता. एका विनोदावर लोक हसायला तोंड उघडेपर्यंत दुसरा येऊन निघून जायचा. पुढच्या रांगेतले एकमेकांना विचारत होते, काय म्हणाला, काय म्हणाला. हळूहळू लोकांनी हसणंच सोडलं, पुढचं ऐकू यावं म्हणून.

मग मी आले. पडद्यावर मी फारच म्हातारी दिसते, ते असो. नवरा गाडीत राहिला. कधी?

"ब्याऐंशी साली."

आणि पडद्यावरची मी थांबली. टॅम्सिनने जागा ठेवली होती. थिएटरही गप्प. वाटलं, सगळ्यांचं बरोबर होतं, भोकच आहे ते. तेवढ्यात डेक्लन वाकून काउंटरखाली बघायला लागला आणि मागे कुठेतरी एक बाई फिसकन हसली. मग तिच्या शेजारचा. मग तो हॅटच्या पेटीत डोकावला आणि अख्खं थिएटर फुटलं. तोच आवाज, तसाच छातीवर आला. मी खुर्चीचे हात घट्ट धरून बसले. त्या ओसाड स्टेशनात मी थांबले होते ती या माणसांसाठीच, फक्त त्यांना यायला उशीर झाला होता.

जॉइसने डोळे पुसत मला कोपर मारलं. "अगं, तू बोलत का नाहीयेस? विसरलीस की काय?"

"गप्प बस," मी म्हटलं. "अजून एक हशा यायचाय."

हशा उतरायला लागला. पडद्यावर मी तोंड उघडलं.