तांबूच्या पाडीची पाठ

तांबूची पाडी जन्मली ती मागचे पाय ओढतच. पुढचे दोन नीट टेकत होती, मागचे मात्र ओल्या फडक्यासारखे पडून. आनंदीबाईंच्या मनात पाल चुकचुकली आणि नजर थेट सुनेवर गेली.

"भादव्यातल्या ग्रहणात तांबूच्या पोटाला काव कुणी फासायची होती गो?"

"फासली होती मी, आई," ज्ञानेश्वरी म्हणाली.

"फासलीस, की नुसती बोटं दाखवलीस?"

ग्रहणात गाभण गुराला तांबडी काव लावायची, ही घरची रीत. तेवढंही हिला झालं नाही, आणि वर तोंड करून बोलते. आनंदीबाईंनी ठरवूनच टाकलं, संध्याकाळी देवळात कौल लावायचा. गुरवाला निरोपही गेला. साऱ्या वाडीसमोर देवाने सुनेकडे बोट दाखवलं, की मग बघू कशी मान वर करते ती.

ज्ञानेश्वरीने मुंबईला नवऱ्याला फोन लावला. तो म्हणाला, आईला तूच सांभाळ. मग तिने मालगुंडच्या गुरांच्या डॉक्टरांना लावला.

डॉक्टर सुजय आले, अगदीच पोरगेले. ह्याला धड मिसरूड नाही, ह्याला गुरातलं काय कळतंय, असं आनंदीबाई त्यांना ऐकू जाईल इतपत पुटपुटल्या. त्यांनी पाडीच्या पाठीवरून अंगठा दाबत नेला. कमरेपाशी तो खाली रुतला. तिथे केस नव्हते, कातडीही पातळ. मग सुई काढली. पुढच्या पायाला टोचताच पाडीने पाय झटकला, मागच्याला टोचली तर कानही हलला नाही. शेपूट उचलून सोडली, ती लोंबत राहिली.

"इथे कण्याची हाडं जुळलीच नाहीत, आजी. उपजत व्यंग आहे. ही उभी राहायची नाही."

"म्हणजे ग्रहणाचंच."

"तेव्हा गाय कितव्या महिन्यात होती?"

"सातव्या."

"कणा पहिल्या महिन्यातच जुळतो. सातव्यात काव फासा नाहीतर सोनं."

पण संशय असा, एका दारातून हाकलला की दुसऱ्या दारात हजर. "मग पहिल्या महिन्यात हिने काय खायला घातलं तिला?"

"बैल कुणाचा लावलात?" डॉक्टरांनी विचारलं.

"घरचा. तुमच्या त्या रेतनाच्या नळीत कुणाचं काय असतं, कुणी बघितलंय? हा बघा आमचा खोंड." आनंदीबाईंनी ऐटीत हात केला.

"आई कोण ह्याची?"

"तांबूच की."

डॉक्टर सुई पुसायचे थांबले. "खात्रीनं नाही सांगता येत. पण इतकं जवळचं रक्त आलं की असली व्यंगं जास्त होतात."

मग ज्ञानेश्वरी हळूच म्हणाली, "आई, गुरव वाट बघत असतील. देवाला नाव कुणाचं सांगायचं?"

आनंदीबाईंनी तिच्याकडे बघितलं नाही. पाडीचं तोंड पदराने पुसलं, तिला तांबूच्या सडाशी धरलं.

"गुरवाला सांग, म्हातारीचे गुडघे धरलेत. आणि तो खोंड इथून सोड, पलीकडच्या खोपीत बांध." मग त्या डॉक्टरांकडे वळल्या. "पुढच्या खेपेला आणा तुमची नळी. पण उघडायची ती माझ्यासमोर."